तो ठिपका कोणाचा, हे कळण्यासाठी

रात्री उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त करण्यासाठी रायफलवर कोणती दुर्बीण बसवावी, असे कोणी विचारले की उत्तरादाखल अंतराचे आकडे सांगण्याचा रिवाजच पडून गेला आहे. अमुक दुर्बिणीतून तीनशे मीटरवरचे दिसते, तमुकीतून हजार मीटरवरचे. हे आकडे ऐकताना मला दरवेळी अस्वस्थ वाटते, कारण रायफल हाती घेतलेल्या माणसाचे, अंधारात काहीतरी आहे, एवढे कळून भागत नाही. ते काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे दोन्ही त्याला कळावे लागते. म्हणून कमी खर्चात घ्यायच्या दुर्बिणीची पारख माझ्या मते एकाच प्रश्नावर व्हायला हवी: समोरचा प्राणी उंदीर आहे, ससा आहे, कोल्हा आहे की यांपैकी कोणीच नाही, हे ती मला किती अंतरापर्यंत खात्रीने सांगू शकते?

धान्याच्या कोठारात शिरणारे उंदीर, कोवळी रोपे कुरतडणारे ससे, एका रात्रीत शेत उकरून ठेवणारी रानडुकरे यांचा वावर मुख्यतः अंधारात किंवा संधिप्रकाशात असतो. माणसाचा त्रास जिथे जास्त, तिथे रानडुकरे तर जवळजवळ पूर्ण निशाचर होतात. भिंतींतली भोके बुजवणे, कुंपण घालणे, धान्य बंदिस्त ठेवणे हे उपाय आधीचे आहेत आणि ते केल्याशिवाय रायफल उचलणे मला पटत नाही. त्यानंतरही जो उपद्रव उरतो त्याच्यासाठी मला विषापेक्षा रायफल बरी वाटते. ब्रोडिफॅकमसारखी रक्त गोठू न देणारी विषे उंदराच्या यकृतात दीर्घकाळ टिकून राहतात आणि तो उंदीर खाणाऱ्या घुबडाच्याही शरीरात जातात. नेमकी लागलेली गोळी त्या एका प्राण्यालाच मारते. पण हा युक्तिवाद उभा राहतो तो गोळी झाडणाऱ्याने योग्य प्राणी ओळखला असेल तरच. उंदीर समजून मांजराच्या पिल्लावर किंवा ससा समजून जमिनीवर बसलेल्या घुबडावर चाप ओढला गेला, तर विष टाळून काय साधले? दुर्बिणीच्या निवडीकडे मी खरेदीचा विषय म्हणून न पाहता जबाबदारीचा विषय म्हणून पाहतो, ते यामुळेच. रात्री रायफल वापरता येते का, कोणत्या प्राण्यावर, आणि तिच्यावर रात्रदृष्टीचे साधन बसवण्यास परवानगी आहे का, याचे नियम देशोदेशी आणि प्रदेशागणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी हातात धरायच्या साधनाला मुभा असते, पण तेच रायफलवर बसवले की गुन्हा ठरतो. तेव्हा पैसे खर्च करण्याआधी नियम तपासलेले बरे.

सर्वांत कमी खर्चाचे साधन बहुतेकांकडे आधीपासूनच असते, ते म्हणजे दिवसाची साधी दुर्बीण. तिची क्षमता कमी लेखू नये. पुढच्या भिंगाच्या व्यासाला मोठेपणाच्या पटीने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. छप्पन्न मिलिमीटरचे भिंग आणि आठपट मोठेपणा असेल तर हा झोत ७ मिलिमीटरचा होतो, आणि तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली अंधारात साधारण तेवढीच विस्फारते. वय वाढते तशी ती कमी उघडते, पाच मिलिमीटरच्या आसपास येते, आणि मग मोठ्या भिंगातून येणारा जास्तीचा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. त्यामुळे वय झालेल्या माणसाने महागड्या मोठ्या भिंगासाठी हात सैल सोडण्यात फारसा अर्थ नाही. मोठेपणा बदलता येणारी दुर्बीण असेल, तर रात्री तो कमी करावा. चित्र लहान होते, पण उजळते. निरभ्र आकाशात पूर्ण चंद्र असताना अशा दुर्बिणीतून मोकळ्या शेतातले रानडुक्कर चांगले दिसते. उंदीर मात्र दिसत नाही, आणि चंद्र काही रोज पूर्ण नसतो.

म्हणून दिवा आला. दुर्बिणीवर लाल काचेचा दिवा बसवण्याची पद्धत जुनी आहे आणि ती आजही टाकाऊ नाही, कारण अनेक सस्तन प्राण्यांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही. प्रकाशात डोळे चमकतात, हा या पद्धतीचा मोठा आधार. कोल्हा, कुत्रा, मांजर, हरीण, गाय, मेंढी यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे त्यांचे डोळे लांबूनही झळकतात. रानडुकराच्या डोळ्यांत हा थर नसतो. पण यात एक धोका दडलेला आहे. चमकणाऱ्या डोळ्यांची जोडी कोल्ह्याची आहे की चरायला सोडलेल्या मेंढीची, हे नुसत्या चमकेवरून ठरवता येत नाही. चमक पाहून थांबायचे, अंगाचा आकार दिसेपर्यंत वाट पाहायची आणि तो दिसला नाही तर रायफल खाली घ्यायची, एवढा संयम ज्याच्याकडे आहे त्याला दिवसाची दुर्बीण आणि दिवा यांवर जवळच्या अंतरातले काम भागवता येते.

प्रतिमा उजळणाऱ्या नळीच्या जुन्या साधनांवर मी इथे फार वेळ घालवणार नाही. पहिल्या पिढीची वापरलेली साधने स्वस्तात मिळतात, पण चित्र कडेला पुसट होते आणि चालू असताना प्रखर उजेड लागला तर नळी बिघडू शकते. नव्या पिढ्यांची साधने उत्तम असतात, परंतु मर्यादित खर्चाच्या चौकटीत ती बसत नाहीत.

खरी निवड आज दोन वाटांमध्ये आहे: डिजिटल आणि थर्मल, म्हणजे उष्णतेवरून पाहणारी. दोन्ही वाटांवर अवरक्त, म्हणजे लाल रंगापलीकडचे, डोळ्याला न दिसणारे किरणच कामाला येतात, पण ते किरण एका जातीचे नव्हेत, आणि हा फरक ज्याच्या लक्षात येतो त्याला जाहिरातींतले निम्मे गोंधळ आपोआप सुटलेले दिसतात.

डिजिटल दुर्बिणीत मोबाईलच्या कॅमेऱ्यात असतो तशा जातीचा सिलिकॉनचा संवेदक असतो. माणसाचा डोळा सुमारे ७०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत पाहतो. सिलिकॉनला साधारण १,१०० पर्यंतचे कळते. या दोहोंमधल्या पट्ट्यात प्रकाश टाकणारा एक दिवा दुर्बिणीवर बसवलेला असतो, तो आपल्याला न दिसता समोरचे शेत उजळतो आणि परतलेला प्रकाश संवेदक टिपतो. ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, ओकिनावाच्या लढाईत अमेरिकी सैनिकांनी कार्बाइनवर अवरक्त दिवा आणि दुर्बीण बसवून, पाठीवर जड बॅटरी वाहत, याच तत्त्वावर अंधारात पाहिले होते. आज तीच गोष्ट एका हातात मावते आणि सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे, याचे मला खरोखर अप्रूप वाटते.

दिवा घेताना दोन तरंगलांबींमधून निवड करावी लागते. ८५० नॅनोमीटरचा दिवा जास्त लांबवर पोहोचतो, पण समोरून पाहिल्यास त्याचा मंद लाल निखारा दिसतो, आणि एकदा बिथरलेले प्राणी त्याला पाहून सावध होतात असा अनेकांचा अनुभव आहे. ९४० नॅनोमीटरचा जवळजवळ दिसतच नाही. मात्र त्या ठिकाणी सिलिकॉनची संवेदनक्षमता बरीच कमी होत असल्याने पल्ला घटतो. कोठाराच्या अंगणात पंचवीस-तीस मीटरवरच्या उंदरांसाठी पल्ल्याची गरजच नसते, तिथे मी ९४० घेईन. शेताच्या बांधापर्यंत पाहायचे असेल, तर ८५०. झोत अरुंद आणि रुंद करता येणारा दिवा हवाच, कारण अंतर दुप्पट झाले की पसरत जाणाऱ्या झोताचा प्राण्यावर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश उरतो. दुर्बिणीबरोबर येणारा दिवा बहुधा कमकुवत असतो. वेगळा, चांगला दिवा घेण्यासाठी थोडे पैसे राखून ठेवले, तर साध्या दुर्बिणीचेही रूप पालटते. उलट महागडी दुर्बीण आणि भिकार दिवा ही जोडी कामाची नाही. आणखी एक अडचण शेतात गेल्यावरच कळते. दिव्यासमोर जवळच गवताची पाती किंवा फांदी आली, की तिच्यावरून परतलेला प्रकाश सगळे चित्र पांढरे करून टाकतो आणि मागचा प्राणी हरवतो. धुक्यात गाडीचे दिवे प्रखर केल्यावर समोर भिंत उभी राहावी, तसे होते. यावर उपाय म्हणजे दिवा शक्य तितका उंच बसवणे आणि जागा निवडतानाच समोरचे गवत पाहणे.

या सगळ्या कटकटी सोसूनही मी डिजिटलच्या बाजूने का झुकतो, ते सांगण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. समजा, संवेदकाचा एक बिंदू (पिक्सेल) २.९ मायक्रोमीटरचा आहे आणि पुढच्या भिंगाचे केंद्रांतर, म्हणजे भिंगापासून प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतचे अंतर, ५० मिलिमीटर आहे. डिजिटल दुर्बिणींत हे आकडे सामान्य आहेत. अशा दुर्बिणीत शंभर मीटरवर एका बिंदूत सुमारे सहा मिलिमीटर रुंदीचा भाग येतो. वीस सेंटीमीटर उंच बसलेला ससा त्यात तीसहून अधिक बिंदूंचा दिसतो. कान, पाठीचा बाक, डोळा, सगळे कळते. अर्थात दिव्याचा प्रकाश पुरेसा पोहोचला तर.

थर्मल दुर्बिणीची गोष्ट वेगळी. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात लाल रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला आणि तिथे रंग नसतानाही पारा चढलेला पाहिला. अवरक्त किरणांचा शोध तो हाच. पण सामान्य तापमानाच्या वस्तू स्वतः जे किरण सोडतात, ते आणखी कितीतरी लांब, साधारण आठ ते चौदा मायक्रोमीटर तरंगलांबीचे असतात. थर्मल दुर्बीण तेवढेच टिपते. तिला दिवा लागत नाही, चंद्र लागत नाही, आणि काळोख्या रात्री शेताच्या दुसऱ्या टोकाला असलेला ससा तिच्यात पांढऱ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. पहिल्यांदा पाहणारा माणूस थक्क होतो, आणि ते साहजिक आहे. साधी काच हे किरण अडवते, म्हणून तिची भिंगे जर्मेनियम या धातूसदृश मूलद्रव्याची करावी लागतात. तिची किंमत चढी असण्यामागे या भिंगाचा वाटा मोठा आहे, आणि किंमत उतरवायची झाली की उत्पादक पहिली कात्री त्याच भिंगाच्या आकाराला लावतात.

तेच गणित आता थर्मलसाठी करून पाहावे. आजच्या बहुतेक संवेदकांचा बिंदू १२ मायक्रोमीटरचा असतो. कमी किमतीच्या साधनात भिंग १९ मिलिमीटर केंद्रांतराच्या आसपास असते. म्हणजे शंभर मीटरवर एका बिंदूत सहा सेंटीमीटरहून थोडा अधिक भाग येतो. तोच ससा इथे उंचीला तीन बिंदूंचा झाला. भिंग ३५ मिलिमीटरचे घेतले, तर सहा बिंदूंचा. अमेरिकी लष्करासाठी रात्रदृष्टीच्या साधनांवर काम करणारे जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये माणसांच्या निरीक्षणांवरून काही निकष मांडले, ते आजही वापरले जातात. काहीतरी आहे एवढे कळायला वस्तूच्या लहान बाजूवर सुमारे दोन बिंदू पुरतात. ते कोणत्या वर्गातले आहे हे कळायला आठ. आणि नेमके काय आहे हे ठरवायला जवळजवळ तेरा. त्यातही, एवढे बिंदू असताना बरोबर उत्तर येण्याची शक्यता निम्मीच धरलेली आहे. तेरा बिंदूंच्या हिशोबाने १९ मिलिमीटरच्या भिंगातून ससा ओळखायचा, तर तो चोवीस-पंचवीस मीटरवर असायला हवा, आणि ३५ मिलिमीटरच्या भिंगातून पंचेचाळीस मीटरच्या आत. जाहिरातीत छापलेला हजार किंवा अधिक मीटरचा पल्ला पूर्ण उंचीच्या माणसाचा असतो, आणि तोही फक्त चाहूल लागण्याचा. या दोन आकड्यांमधल्या अंतरात चुकीचा प्राणी मारला जातो, आणि त्याहून भयंकरही काही घडू शकते.

अनुभवी माणूस चालीवरून पुष्कळ ओळखतो, हे खरे आहे. सशाची उडी, कोल्ह्याची सरळ रेषेतली दुडकी, रानडुकराचे नाक जमिनीला लावून पुढे सरकणे, हे ठिपक्यांतूनही वाचता येते. पण स्थिर बसलेला प्राणी काहीच सांगत नाही. शिवाय दिवसभर तापलेला दगड संध्याकाळी उबदार दिसतो. पाऊस आणि दाट धुके थर्मलचा पल्ला घटवतात. आणि दमट हवेत सगळी जमीन एकाच तापमानाला आली की प्राण्यामागचे उतार, कुंपण, झाडे चित्रातून विरून जातात. शेवटची गोष्ट मला सर्वांत काळजीची वाटते. बावीस बोअरच्या साध्या रायफलची गोळीही दीड किलोमीटरहून लांब जाऊ शकते, आणि दगडावर आपटून भलतीकडे वळू शकते. प्राणी झळझळीत दिसत असताना त्याच्या मागे मातीचा बांध आहे की मोकळे आकाश, हे चित्रात कळत नसेल, तर ती गोळी झाडायची नसते. म्हणून जिथे बसायचे, ती जागा दिवसा पाहून ठेवावी आणि कोणत्या दिशांना मागे माती आहे ते मनात पक्के करावे. हे काम दुर्बीण करून देत नाही, कितीही महाग असली तरी.

मग मर्यादित पैशांत काय घ्यावे? माझे मत असे झाले आहे, की स्वस्त थर्मल दुर्बीण रायफलवर बसवण्यापेक्षा थर्मलची छोटी एकनेत्री दुर्बीण हातात ठेवावी आणि रायफलवर डिजिटल असावी. हातातल्या साधनाने शेत चाळायचे, ठिपका सापडला की रायफल उचलायची, आणि डिजिटलच्या बारीक चित्रात तो कोण आहे ते पाहायचे. प्रत्येक साधन आपापले काम करते. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे: थर्मल फक्त रायफलवर असेल, तर शेत धुंडाळण्यासाठी माणूस रायफलच फिरवतो, आणि अजून ओळख न पटलेल्या प्रत्येक उबदार गोष्टीवर, गुरांवर, शेजाऱ्यावर, नळी रोखली जाते. सुरक्षिततेच्या कोणत्याही नियमात हे बसत नाही. दोन्ही साधने एकदम घेणे जमत नसेल, तर आधी डिजिटल आणि चांगला दिवा घ्यावा. उंदरांपुरतेच काम असेल, तर दिवसाच्या दुर्बिणीच्या मागे बसणारी डिजिटल जोडणीही पुरते. ती नेत्रिकेवर, म्हणजे डोळा लावायच्या टोकावर, बसते, आधीचा नेम बिघडत नाही आणि खर्चही कमी होतो. डोके मात्र नेहमीपेक्षा मागे न्यावे लागते, आणि दस्ता गालाला नीट लागत नाही.

तपशिलांच्या यादीतल्या काही गोष्टी मी काळजीपूर्वक वाचतो, काहींकडे पाहतही नाही. डिजिटल झूम किती पट आहे, हे मला नको असते. त्याने असलेले बिंदूच मोठे होतात, नवे येत नाहीत. चित्र सेकंदाला किती वेळा बदलते, हे मात्र हवे असते. नऊ वेळा बदलणारे थर्मल हातात धरून शेत पाहायला चालते, पण चालत्या प्राण्यावर नेम धरायला नको. त्यासाठी निदान पंचवीस हवे, पन्नास असेल तर उत्तम. स्प्रिंगच्या एअर रायफलवर बसवायची असेल, तर ती त्या धक्क्यासाठी बनवली आहे का, हे विचारलेच पाहिजे, कारण अशा रायफलचा दट्ट्या सुटताना मागे आणि थांबताना पुढे, असे दोन उलट धक्के देतो आणि साध्या रायफलवर वर्षानुवर्षे टिकणारी दुर्बीणही त्याने खिळखिळी होते. हवा आधी भरून ठेवलेल्या रायफलला धक्का नगण्य असतो. बॅटरी बदलता येणारी असावी. थंडीत लिथियमची बॅटरी लवकर उतरते आणि आत बंद केलेली बॅटरी संपली की त्या रात्रीचे काम संपते. पडद्याचा उजेड अगदी कमी करता यायला हवा. डोळ्याला अंधार पूर्ण सरावायला सुमारे अर्धा तास लागतो, तो सराव प्रखर पडदा काही सेकंदांत घालवतो, आणि मग दुर्बिणीतून नजर काढल्यावर पायाखालची वाटही दिसत नाही.

माउंटवर, म्हणजे दुर्बीण रायफलला जखडणाऱ्या पकडीवर, काटकसर करू नये. रात्रीची दुर्बीण जड असते आणि नळीपासून पाच-सहा सेंटीमीटर उंच बसते. या उंचीमुळे दोन गोष्टी घडतात. तीस मीटरवर जुळवलेला छर्रा पाच-सात मीटरवर दिसणाऱ्या उंदराच्या खाली लागतो, म्हणून जवळच्या प्रत्येक अंतरावर कागदावर नेम तपासून फरक लिहून ठेवावा लागतो. जखमी होऊन बिळात शिरलेला उंदीर तिथे हळूहळू मरतो, आणि ते कोणाही प्राण्याच्या वाट्याला येऊ नये. दुसरे, आडवे पडून नेम धरताना दुर्बिणीला समोरचा उंचवटा ओलांडून पलीकडचे दिसते, पण नळीचे तोंड त्या उंचवट्याकडेच असते. अंधारात हे कळत नाही. नळीपुढची जागा हाताने चाचपून किंवा लाल दिव्याने पाहून घ्यावी.

घेण्याआधी, निदान परत करण्याची मुदत संपण्याआधी, दुर्बीण रायफलवर न चढवता अंधारात नेऊन तपासावी. मोकळ्या जागी मोजलेल्या अंतरांवर खुणा कराव्यात, आणि सशाएवढी, मांजराएवढी, कुत्र्याएवढी ओळखीची वस्तू किंवा पाळीव प्राणी तिथे दुसऱ्या कोणाला तरी नेऊन ठेवायला सांगावे. काय कुठे ठेवले, ते आपल्याला माहीत नसावे. मग सांगत जावे: हे काय आहे. उत्तर पहिल्यांदा जिथे चुकेल, त्याच्या अलीकडचे अंतर ही त्या दुर्बिणीची त्या प्राण्यासाठी मर्यादा धरावी, आणि तीही कोरड्या, निरभ्र रात्रीची. दमट किंवा धुक्याच्या रात्री हीच तपासणी पुन्हा करावी, कारण तो आकडा वेगळा येतो आणि रायफलवर दुर्बीण चढवताना लक्षात ठेवायचा असतो तो त्या रात्रीचा.